जुना ट्रॅक्टर घेताना



गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला आणि ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला, की आमच्या शेतकी खात्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. "साहेब, एक जुना ट्रॅक्टर बघून ठेवलाय. घेऊ का?" सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी इसार अगोदरच देऊन टाकलेला असतो. हार घालायचा तेवढा बाकी असतो. मग आम्ही सांगून तरी काय सांगणार? म्हणून यंदा इसार द्यायच्या आधीच चार गोष्टी या अंकातून आपल्या कानावर घालाव्यात असे ठरविले.

दोन हंगामांपूर्वीची हकीकत आहे. आपल्याच एका सभासदाने दसऱ्याला जुना ट्रॅक्टर आणला. नाव लिहीत नाही. माणूस भला आहे आणि त्याचे झाले तेवढे पुरे झाले. ट्रॅक्टर दिसायला झकास. नवा रंग, नवी सीट, पुढे गोंडे लावलेले. चार लाखांना व्यवहार झाला. स्टॅम्प पेपरवर लिखापढी झाली, नोटरीचा शिक्का झाला. आर.सी. बुकाची झेरॉक्स हातात मिळाली. "मूळ बुक आठ दिवसांत आणून देतो," असे विकणारा म्हणाला. आठ दिवसांचे तीन महिने झाले. ऐन जानेवारीत दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर यार्डात नंबरला उभा असताना फायनान्सची माणसे आली. मूळ मालकाने हप्ते थकविले होते. त्यांनी कागद दाखविले, ट्रॉल्या सोडविल्या आणि ट्रॅक्टर घेऊन गेली. आम्ही दुसऱ्या वाहनधारकाला विनंती करून तो ऊस गव्हाणीपर्यंत नेला. पण पुढे काय? वाहन नाही म्हणून टोळी बसून राहिली, चार दिवसांनी दुसऱ्या गटात गेली. ह्या सभासदाचा राहिलेला ऊस मार्चअखेर तुटला. तोवर तुरे येऊन वजन उतरले होते. चार लाख गेले ते गेलेच, वर उसाचे नुकसान.

ह्या माणसाने ट्रॅक्टर पाहताना हयगय केली नव्हती बरं का. गावातला चांगला मिस्त्री सोबत नेला होता. इंजिन खरोखरच चांगले होते. बघायचे राहिले ते कागद. इंजिन बिघडले तर पैसा घालून दुरुस्त करता येते. कागदात खोट असली तर अख्खा ट्रॅक्टरच हातचा जातो. म्हणून आम्ही कागदांपासून सुरुवात करतो. नेहमी ती शेवटी होते, हीच खरी अडचण आहे.

आधी बुक, मग बॉनेट

मूळ आर.सी. हातात घेतल्याशिवाय पुढे बोलूच नये. झेरॉक्स, मोबाईलमधला फोटो, "बुक आर.टी.ओ. एजंटाकडे आहे" ही तिन्ही उत्तरे आमच्या लेखी नकारच आहेत. बुकावर चार गोष्टी बघायच्या: मालकाचे नाव, इंजिन नंबर, चासी नंबर आणि 'हायपोथिकेशन'चा रकाना. त्या रकान्यात बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल, तर तो ट्रॅक्टर विकणाऱ्याचा पुरता झालेला नाही. कर्ज फिटले असेल तर बँकेचा बेबाकी दाखला आणि फॉर्म नंबर ३५ असतो, तो आर.टी.ओ.त भरून बोजा उतरवून घ्यावा लागतो. "कर्ज कधीच फिटलंय, नुसता बोजा काढायचा राहिलाय," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांत खरे बोलणारेही असतात. पण खरे असेल तर फॉर्म ३५ आणायला दोन दिवस पुरे. आणू द्या की. तोवर आपले पैसे आपल्या खिशात.

आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि बोजा यांची बरीचशी माहिती घरबसल्या दिसते. घरातल्या कॉलेजातल्या मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. दंडाची चलने थकली असतील तर तीही तपासता येतात. मात्र पतसंस्थेचे किंवा सोसायटीचे कर्ज कधी कधी बुकावर चढविलेले नसते. विकणारा ओळखीच्या गावचा असेल तर त्या गावच्या सोसायटीच्या सचिवाला एक फोन करावा. लाजू नये.

मग चासी नंबर. बुकावरचा नंबर आणि ट्रॅक्टरवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर वाचून थांबू नका, पट्टी बदलता येते. लोखंडावर ठोकलेला नंबर शोधा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. हाच ठसा पुढे नावावर करण्याच्या अर्जावरही लागतो, तेव्हा मेहनत फुकट जात नाही. नंबरावर जाड रंग थापलेला असेल, घासल्याच्या खुणा असतील किंवा आकडे वेडेवाकडे असतील, तर चहा पिऊन नमस्कार करून परत यावे. इंजिन बदललेले असून नवा इंजिन नंबर बुकावर चढविलेला नसेल, तरी तीच गोष्ट.

आपल्याकडे आणखी एक प्रकार फार. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, वडील वारले, आणि विकायला काढला थोरल्या भावाने. धाकट्याची संमती नाही, बहिणींना पत्ता नाही. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर नोंद व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. ती नोंद झाल्यावर मगच आपल्या नावावर. भावकीच्या भांडणात आपला पैसा अडकवून घेण्याचे कारण नाही. आपली स्वतःची भावकी पुरेशी असते.

परराज्यातला ट्रॅक्टर स्वस्त मिळतो म्हणून काही जण आणतात. तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, सोबत असल्याशिवाय असा ट्रॅक्टर आणू नये. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायचा तर इथला नंबर घ्यावाच लागतो. नोंदणीला १५ वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च आणि तपासणीही आपल्याच गळ्यात येते, हे भाव करताना धरावे.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्याव्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नोटरीचा कागद म्हणजे नावावर झाले असे नव्हे.

इथे विकणाऱ्या सभासदांसाठीही दोन शब्द लिहितो, कारण घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याची झोप जास्त उडू शकते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत गेली होती, पण दफ्तरी नाव पहिल्याचेच राहिले होते. मधल्या काळात अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, दफ्तरी ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. तेव्हा "मी तर केव्हाच विकला" ही सबब चालत नाही. ट्रॅक्टर विकला असेल तर तो घेणाऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री करूनच गप्प बसावे.

विम्याचेही तसेच. ट्रॅक्टर घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. विमा शेतीच्या वापराचा आहे की भाड्याने वाहतुकीचा, आणि ट्रॉल्या त्यात धरल्या आहेत की नाहीत, हे पॉलिसी उघडून वाचून घ्यावे. कारखान्याशी वाहतुकीचा करार करायचा असेल तर हे विमा कंपनीला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ट्रॉलीवर मजूर बसवून नेताना अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, यावरून वर्षानुवर्षे दावे चालतात.

ट्रॅक्टरने आजवर काय काम केले?

कागद साफ निघाले की मग ट्रॅक्टरकडे वळावे. पण तो चालू करायच्या आधी त्याची कुंडली काढावी. सारखेच वर्ष, सारखीच कंपनी, सारखेच तास, तरी दोन ट्रॅक्टर सारखे नसतात. एकाने घरच्या दहा एकरांत नांगरट, सरी आणि फवारणी केली. दुसऱ्याने चार हंगाम दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या. तिसऱ्याने भातपट्ट्यात गुडघाभर चिखलात चिखलणी केली. प्रत्येकाचे मरण वेगळ्या ठिकाणी असते.

ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन पिनियन आणि ब्रेक थकतात. तो ओळखायची आमची साधी खूण म्हणजे मागचा हूक. ट्रॉलीची पिन जिथे बसते ते भोक गोल आहे की ओढून लांबट अंड्यासारखे झाले आहे, ते बोट घालून बघा. विकणारा "घरच्या शेतातच चालवला" म्हणत असेल आणि भोक लांबट असेल, तर त्याचे पुढचे सगळे बोलणे त्याच तराजूत तोला. हूक नवा कोरा असेल तर जुना कुठे गेला, ते विचारा. मागच्या हाऊसिंगला, क्लच हाऊसिंगला आणि पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटला वेल्डिंगची शिवण आहे का, तेही ताज्या रंगाखाली बारकाईने बघा. ओझ्याने पुढची चाके उचलत चाललेला ट्रॅक्टर अशा जागी तडकतो.

चिखलणीच्या ट्रॅक्टरमध्ये पाणी शिरते. मागच्या हाऊसिंगचे तेल थोडे काढून बघावे. ते दुधाळ किंवा राखाडी दिसले तर सील गेलेले आहेत आणि आतली बेअरिंगेही धोक्यात आहेत.

तासांचे मीटर बघायचे, पण त्यावर भिस्त ठेवायची नाही. हिशोबासाठी ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण १० वर्षे किंवा १०,००० तास धरतात. आता गणित करा. हंगाम १२० दिवसांचा आणि रोजची चाल ७ तासांची धरली, तर एका हंगामाचे ८४० तास होतात. चार हंगामांचे ३,३६०, आणि उन्हाळ्यातली नांगरट वेगळीच. असा ट्रॅक्टर २,१०० तास दाखवत असेल तर मीटर तरी बंद पडलेला असतो, नाहीतर बदललेला. जुन्या साध्या मीटरांत आणखी एक गोम आहे. ते इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे मंद गतीवर उभा राहून गुरगुरलेला तास त्यात पुरा धरला जात नाही. मीटरपेक्षा पायाकडची पेडले खरे बोलतात. क्लचच्या पेडलाचे रबर झिजून लोखंड चकाकत असेल आणि मीटर हजाराच्या आत असेल, तर दोघांपैकी एक खोटा आहे, आणि पेडलाला खोटे बोलता येत नाही.

सकाळी न सांगता जावे

ट्रॅक्टर बघायला जायचे ते भल्या सकाळी, आणि जमल्यास आगाऊ न कळवता. इंजिन रात्रभर थंड झालेले असले पाहिजे. गेल्या गेल्या हात लावून बघा. गरम लागले तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवले आहे. थंडीत चालू व्हायला त्रास देणारा ट्रॅक्टर असा झाकता येतो. मग दुसऱ्या दिवशी या म्हणावे.

इंजिन बंद असतानाच डिपस्टिक काढा. तेल काळे असले तर बिघडत नाही, डिझेल इंजिनाचे तेल काळे होतेच. पण ते दुधाळ, ताकासारखे असेल तर आत पाणी चालले आहे. रेडिएटरचे झाकणही थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठे दुखणे. नंतर चालू करायला सांगा. सुरुवातीला थोडा काळा धूर आला तर काळजी नाही. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे, म्हणजे रिंग-लायनरचे काम जवळ आले. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर नोझल-पंपाचा दोष असेल, नाहीतर पाणी जळत असेल. इंजिन चांगले तापल्यावर तेल भरायचे झाकण काढून बघा. आतून भक्-भक् करून वाफेसारखा जोर येत असेल तर पिस्टनच्या बाजूने दाब गळतो आहे. हा एकच तपास मिस्त्रीच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाइतका सांगून जातो. तापलेल्या इंजिनात, मंद गतीवर, ऑईल प्रेशरचा काटा कुठे राहतो तेही बघावे. थंडपणी सगळेच काटे वर असतात.

क्लच तपासायची सोपी रीत आहे. मोकळी जागा बघा, समोर कोणाला उभे राहू देऊ नका. ब्रेक दाबून धरा, मोठा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धाप लागून बंद पडले पाहिजे. नुसते चालतच राहिले तर क्लच प्लेट घसरते आहे. लिफ्टसाठी नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा होईस्तोवर अवजार जमिनीला टेकले तर हायड्रॉलिकचे काम निघाले. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवा, किंगपिन-बुशची ढिलाई लगेच समजते. पीटीओ चालवून बघायला विसरू नका. पुष्कळ लोक विसरतात आणि पहिल्याच रोटाव्हेटरला कळते.

हे सगळे झाले तरी खरी परीक्षा राहतेच. मोकळा ट्रॅक्टर गावातून एक फेरी मारून आणला तर त्यातून काही समजत नाही. भरलेली ट्रॉली जोडून चढावर न्या. गिअर ओझ्याखाली आपोआप निसटतो का ते चढावर कळते. मग उतारावर या, दोन्ही ब्रेक पेडले खिट्टीने एकत्र जोडून. ट्रॅक्टर सरळ थांबला पाहिजे, एका बाजूला ओढता कामा नये. उतारावर ॲक्सिलेटर सोडल्यावर मागून रडल्यासारखा एकसारखा आवाज आला तर क्राऊन पिनियन संशयास्पद समजावे. विकणारा ट्रॉली जोडू देत नसेल तर कारण विचारायची गरज नाही. उसाच्या ट्रॅक्टरला ओढण्यापेक्षा थांबणे महत्त्वाचे आहे. चढावर अडकला तर खेप चुकते. उतारावर थांबला नाही तर काय होते ते आपण सर्वांनी रस्त्यावर पाहिलेले आहे.

ट्रॉलीबद्दल थोडक्यात. चासी वाकलेली किंवा जोडलेली नसावी, टर्नटेबल खुळखुळता नसावा, पाटे तुटके नसावेत, आणि ट्रॉलीचा स्वतःचा कागद असावा. ट्रॅक्टरच्या बुकात ट्रॉली आपोआप येत नाही.

कंपनी कोणती?

यावर पारावर जितके वाद होतात तितके निवडणुकीवरही होत नाहीत. आमचे मत विचाराल तर कंपनी बघू नका, पंचवीस किलोमीटरच्या आत तिचे पार्ट कोण ठेवतो ते बघा. एके काळी एच.एम.टी.चे ट्रॅक्टर आपल्या भागात मानाने फिरत. यंत्र दणकट होते. २०१६ साली केंद्र सरकारने पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आज असा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला तरी ऐन हंगामात एखादा पार्ट शोधत फिरावे लागेल, हे धरूनच भाव करावा. हौसेने घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

दुसऱ्या टोकाचीही अडचण आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे ह्या गटात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारी इंजिने आली. ती चांगली आहेत, पण पाना-हातोड्याने दुरुस्त होत नाहीत, मशीन जोडून दोष काढावा लागतो. असा दोन-तीन वर्षे वापरलेला ट्रॅक्टर घेणाऱ्याने जवळच्या शोरूमची सोय आधी बघावी. गावातल्या मिस्त्रीचा त्यात काही दोष नाही.

भाव

भाव करायला नव्या ट्रॅक्टरचे आजचे कोटेशन खिशात असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि ट्रॅक्टरच्या टायर व पार्टवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. म्हणजे नवा स्वस्त झाला. नवा स्वस्त झाला की जुन्यानेही खाली उतरायला पाहिजे. पण विकणारा अजून आपण कितीला घेतला होता तेच सांगत बसतो. ते ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि आपला हिशोब करावा.

हिशोब असा. समजा ट्रॅक्टर साडेतीन लाखांना सांगितला आहे. मागचे दोन टायर गुळगुळीत आहेत, त्यांचे ४५,००० धरा. क्लच घसरतो, त्याचे १५,०००. धूर निळा आहे, रिंग-लायनरचे ६०,०००. विमा, नावावर करणे आणि किरकोळ १५,०००. म्हणजे हा ट्रॅक्टर साडेतीन लाखांचा नसून ४,८५,००० चा आहे. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले. आपण आपल्या मिस्त्रीकडून आणि दुकानातून आजचे घ्यावेत. ह्या बेरजेजवळपास चांगल्या स्थितीतला दुसरा ट्रॅक्टर मिळत असेल तर हा सोडावा. जुन्या वाहनाच्या कर्जाला नव्यापेक्षा व्याजदर बहुधा जास्त असतो आणि मुदत कमी, तेव्हा हप्त्याचा बोजाही मांडून बघावा. नुसत्या किमतीकडे बघून फसगत होते.

वेळ कोणती निवडावी? दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक जास्त आणि ट्रॅक्टर कमी, तेव्हा भाव चढे. एप्रिल-मे मध्ये वाहतूक करणाऱ्यांचे ट्रॅक्टर विक्रीला निघतात, ते स्वस्त असतात पण हंगामाने पिळून काढलेले. आम्ही पावसाळ्याचे दिवस पसंत करतो. काम नसते, विकणाऱ्याला घाई असते, आणि नावावर करायला व दुरुस्तीला हंगामापूर्वी तीन महिने हातात राहतात.

एक गोष्ट जाता जाता. वाहतुकीचा करार करायचा म्हणून ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी टोळीच्या उचलीचाही विचार आधी करावा. कित्येकदा ट्रॅक्टरपेक्षा मुकादमाला दिलेली उचलच मोठी असते, आणि ट्रॅक्टर दारात उभा असतो पण टोळी येत नाही. त्यावर वेगळा लेखच लिहावा लागेल. घरच्या पाच-सात एकरांपुरता ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्यांनी वर्षाला भाड्याने नांगरट-रोटाव्हेटर करून घ्यायला किती जातात ते वहीत मांडून पाहावे. पुष्कळांचा बेत तिथेच बदलतो, आणि बदलावा.

ट्रॅक्टर घरी आला की विकणाऱ्याने "कालच तेल बदललंय" म्हटले असले तरी इंजिन ऑईल, दोन्ही डिझेल फिल्टर आणि ऑईल फिल्टर बदलावेत, एअर क्लीनर साफ करावा, गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे तेल तपासावे आणि त्या दिवशीचे मीटरचे तास वहीत लिहून ठेवावेत. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावूनच ती रस्त्यावर काढावी. करारासाठी गट ऑफिसात येताना आपल्या नावावर झालेले मूळ आर.सी. बुक, विमा आणि ट्रॉल्यांचे कागद सोबत आणावेत. झेरॉक्स आम्ही काढून घेऊ.